सायकलच्या रंगावरचे डाग आणि ओरखडे: काय पुसून निघतं, काय घासून जातं आणि काय भरावं लागतं

भिंतीला टेकवलेली सायकल घसरते, शेजारच्या सायकलचं पायडल दांड्याला घासतं, कुलूप रोज त्याच जागी आपटत राहतं. रंगावर पांढरी किंवा काळी रेघ उठते आणि हात आधी रबिंग कंपाउंडच्या, म्हणजे ओरखडे घासून काढायच्या पेस्टच्या, डबीकडे जातो. थोडं थांबा. अशा कितीतरी रेघा रंगात गेलेल्याच नसतात. समोरच्या वस्तूचा रंग, रबर किंवा प्लॅस्टिक आपल्या रंगावर चिकटून राहिलेलं असतं आणि ते कापडाने निघतं. उलट जिथे रंग खरोखर उडाला आहे, तिथे कितीही घासलं तरी खूण जात नाही, कारण काढण्यासारखं तिथे काही उरलेलं नसतं. तिथे नवा रंग भरावा लागतो.

म्हणून या कामात हातापेक्षा डोळ्यांचं काम जास्त. खूण कुठल्या थरात आहे ते आधी ओळखायचं आणि मग तिला पुरेल असा सगळ्यात सौम्य उपाय करायचा. कंपाउंडचा प्रत्येक हात रंगाचा थोडासा थर घेऊन जातो. तो परत येत नाही.

रंगाचे थर

साधारण फ्रेमवर धातूला लागून प्रायमर असतो, त्यावर मूळ रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक लॅकर, म्हणजेच क्लिअर कोट. आपल्याला दिसणारी चकाकी या लॅकरची. सगळे थर मिळून जाडी भरते साधारण ०.१ मिलिमीटर, काही फ्रेमवर त्याहूनही कमी. त्यातही लॅकरचा वाटा निम्म्याच्या आसपास. पावडर कोटिंग केलेल्या (रंगाची भुकटी भट्टीत वितळवून बसवलेल्या) फ्रेमचा थर बहुधा यापेक्षा जाड आणि चिवट असतो. बऱ्याच जुन्या सायकलींवर लॅकर नसतोच. नुसता चकाकीचा रंग असतो.

तुमच्या सायकलवर लॅकर आहे की नाही हे कळायला सोपी चाचणी आहे. सीटखालच्या नळीवर, सहज दिसणार नाही अशा जागी, पांढऱ्या कापडावर किंचित पॉलिश घेऊन चार-पाच वेळा घासा. कापडावर फ्रेमचा रंग उतरला तर वर लॅकर नाही. कापड मळलं पण रंग उतरला नाही, तर लॅकर आहे. ही चाचणी लक्षात ठेवा. लॅकर असलेल्या फ्रेमला पॉलिश करताना मध्येच कापडावर रंग दिसू लागला, तर लॅकर संपला आहे. तिथे लगेच हात थांबवा.

लागणारं साहित्य

सगळं एकदम आणायची गरज नाही. पहिल्या गटाने बरीचशी कामं भागतात.

पुसण्यासाठी:
- दोन बादल्या, सौम्य साबण (भांड्यांचा द्रव साबण किंवा गाडीचा शाम्पू), मऊ स्पंज
- मायक्रोफायबरची किमान चार कापडं. चेनजवळ वापरायचं कापड वेगळं
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेवढंच पाणी मिसळून
- वंगण काढणारं डीग्रीझर
- डांबर आणि चिकट्यासाठी थोडं रॉकेल किंवा टर्पेंटाइन
- कागदी मास्किंग टेप आणि टॉर्च

घासण्यासाठी:
- फिनिशिंग पॉलिश (बारीक)
- रबिंग कंपाउंड (जाड), गरज पडली तरच
- मऊ फोमचा छोटा पॅड

भरण्यासाठी:
- जुळणारा टचअप रंग, धातूचा प्रायमर, पारदर्शक लॅकर
- टूथपिक आणि अगदी बारीक ब्रश
- २००० आणि ३००० नंबरचे वॉटर पेपर (ओला करून वापरायचा पॉलिश पेपर; नंबर मोठा तितका बारीक)
- लोखंडी फ्रेम असेल तर गंज रूपांतरक (रस्ट कन्व्हर्टर)

शेवटी वॅक्स आणि पारदर्शक संरक्षक फिल्म.

१. आधी नीट धुवा

धूळ म्हणजे बारीक कच. ती रंगावर असताना कोरडं कापड फिरवलं की एका ओरखड्याच्या जागी पन्नास ओरखडे होतात. गडद रंगावर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा दिसतात त्या बहुतेक अशाच कोरड्या पुसण्याने आलेल्या असतात.

एका बादलीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं. फ्रेमवर आधी पाणी ओतून सुटी माती वाहून जाऊ द्या. मग स्पंज साबणात बुडवून वरून खाली या, आणि पुन्हा साबणात घालण्याआधी साध्या पाण्यात पिळून काढा. दांडा, हँडलखालची नळी आणि पुढच्या चाकाचा चिमटा (फोर्क) आधी. चेनजवळचा ओशट भाग सगळ्यात शेवटी, वेगळ्या कापडाने. जोराच्या फवाऱ्याचं यंत्र हब (चाकाचा मधला भाग), हेडसेट (हँडलखालचा फिरता सांधा) आणि क्रँक (पायडलचा दांडा) यांच्या बेअरिंगवर धरू नका. पाणी आत जाऊन वंगण धुतलं जातं.

सायकल सावलीत धुवा आणि लगेच टिपून घ्या. जड पाणी रंगावर वाळलं की क्षारांचे पांढरे ठिपके राहतात. असे ठिपके आधीच असतील तर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन कापड भिजवा, ते दोन-तीन मिनिटं ठिपक्यांवर ठेवा आणि मग भरपूर पाण्याने धुवा.

पुढच्या सगळ्या कामाआधी ब्रेकची काळजी घ्या. डिस्क ब्रेक असतील तर डिस्क आणि कॅलिपरवर (डिस्कला दाबून धरणारा भाग) प्लॅस्टिकची पिशवी बांधा. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर रिमच्या कडेवर टेप लावा. पॉलिश, वॅक्स किंवा तेलकट फवाऱ्याचा अगदी हलका शिंतोडाही ब्रेकची पकड कमी करतो. डिस्कचे पॅड तेल पितात, आणि एकदा प्यायले की बहुतेक वेळा बदलावेच लागतात. चाकं काढून बाजूला ठेवलीत तर सगळ्यात उत्तम. मागच्या नळ्यांच्या आतल्या बाजूलाही हात पोचतो.

२. खूण कुठल्या थरात आहे ते ओळखा

फ्रेम स्वच्छ आणि कोरडी झाली की टॉर्च तिरपी धरून खूण पाहा. मग पुढच्या चाचण्या याच क्रमाने करा.

नखाची चाचणी: नख रेघेवरून आडवं हलकेच ओढा. काहीच जाणवलं नाही किंवा उलट किंचित उंचवटा लागला, तर खूण बहुधा वर बसलेली आहे. नख अडकलं तर तो खरा चरा.

पाण्याची चाचणी: ओलं बोट रेघेवरून फिरवा. पाणी असेपर्यंत रेघ नाहीशी होत असेल आणि वाळल्यावर पुन्हा दिसत असेल, तर ओरखडा फक्त लॅकरमध्ये आहे. पाणी ती खाच भरतं, प्रकाश विखुरत नाही, म्हणून ती दिसेनाशी होते. असे ओरखडे पॉलिशने जातात किंवा निदान खूप फिके होतात.

रंगाची चाचणी: ओली केल्यावरही रेघ दिसते आणि तळाशी राखाडी, पांढरा किंवा तांबूस थर आहे, तर तो प्रायमर. चमकता धातू दिसत असेल तर सगळेच थर गेले आहेत. तपकिरी कड असेल तर गंज सुरू झाला आहे. या तिन्हींवर पॉलिशचा उपयोग नाही. सरळ सहाव्या पायरीकडे जा.

यानंतर फ्रेमची जात पाहा.

*मॅट रंग* असेल तर पॉलिश, कंपाउंड, वॉटर पेपर आणि चकाकीचं वॅक्स पूर्ण वर्ज्य. मॅट पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो आणि त्यामुळेच तो चमकत नाही. घासलं की तो खडबडीतपणा जातो, चमकदार चट्टा पडतो, आणि तो परत मॅट करायचा घरगुती उपाय नाही. मॅट फ्रेमवर साबण, पातळ केलेलं अल्कोहोल आणि हलका हात यांपुढे जाऊ नका.

*अ‍ॅनोडाइझ केलेले भाग*, म्हणजे रंगीत हब, सीटपोस्ट (सीटची दांडी), काही क्रँक आणि स्टेम (हँडल धरणारा भाग). हा वरून लावलेला रंग नाहीच. अ‍ॅल्युमिनियमच्या पृष्ठभागावर घडवलेल्या ऑक्साइडच्या थरात तो मुरवलेला असतो. कंपाउंडने तो कायमचा उतरतो, म्हणून इथेही फक्त साबण आणि अल्कोहोल.

*स्टिकर आणि अक्षरं* लॅकरखाली आहेत की वर, हे नखाने कड चाचपून पाहा. कड लागली तर ती वर चिकटवलेली आहेत. त्यांच्यावर अल्कोहोल किंवा रॉकेल जाऊ देऊ नका, शाई पसरते. टेप लावून झाका.

*कार्बन फ्रेम*: इथे ओरखड्यापेक्षा भेगेची भीती मोठी. जोराचा आघात झाला असेल तर खुणेच्या आसपास नाण्याने टकटक करत जा आणि त्याच नळीच्या धड भागाशी आवाज ताडून पाहा. खणखणीत आवाज अचानक बद झाला, अंगठ्याने दाबल्यावर जागा दबली किंवा तंतू उघडे दिसले, तर रंगाचा विचार सोडा. जाणकाराकडून तपासून घेईपर्यंत ती सायकल चालवू नका. आवाज ठीक आला म्हणजे फ्रेम नक्की धड आहे असंही धरू नका; पडल्यानंतर शंका असेल तर तपासणी करूनच घ्या.

धातूच्या फ्रेमवरही वेल्डिंगच्या सांध्याजवळ, विशेषतः हँडलखाली आणि क्रँकच्या वर, केसासारखी रेघ दिसली तर ती ओरखडा समजून घासू नका. रेघ सांध्याच्या कडेने जात असेल किंवा आठवडाभरात वाढली असेल, तर धातूच तडकला असण्याची शक्यता आहे. तिच्यावर रंग लावणं म्हणजे धोका झाकून ठेवणं.

३. वर बसलेले डाग पुसा

कुठलाही डाग असो, आधी साबणाचं कोमट पाणी, मग अल्कोहोल आणि त्यानंतरच त्याहून तीव्र काही. प्रत्येक नवा द्रव आधी लपलेल्या जागी लावून अर्धा मिनिट थांबा. रंग मऊ झाला किंवा कापडावर उतरला तर तो त्या फ्रेमसाठी नाही.

रबराचे काळे पट्टे: बुटांचे तळवे, दुसऱ्या सायकलचे टायर आणि हँडलच्या मुठी यांच्यामुळे येतात. क्रँक आणि चेनच्या बाजूची मागची नळी ही यांची ठरलेली जागा. पातळ केलेल्या अल्कोहोलने कापड ओलं करून डागावर वीस-तीस सेकंद नुसतं दाबून धरा, मग एकाच दिशेने पुसा. पहिल्या फेरीत डाग फिका होतो, तिसऱ्या-चौथ्या फेरीत जातो. दर वेळी कापडाची स्वच्छ घडी घ्या, नाहीतर काढलेलं रबर तुम्ही परत फासत असता.

दुसऱ्याचा रंग: खांब, दरवाजा, पार्किंगची जाळी यांचा रंग रेघेसारखा चिकटतो. आधी अल्कोहोल वापरा. न निघाल्यास बोटाला मायक्रोफायबर गुंडाळून, त्यावर किंचित फिनिशिंग पॉलिश घेऊन फक्त त्या रेघेवर घासा. चिकटलेला रंग सहसा तुमच्या लॅकरपेक्षा आधी सुटतो. वर जाड थर असेल तर प्लॅस्टिकच्या जुन्या कार्डाची कड आडवी धरून आधी तो उचलून काढा. धातूचं पातं वापरू नका.

डांबर: कापडावर रॉकेलचे दोन-चार थेंब घ्या, डागावर मिनिटभर ठेवा, पुसा आणि लगेच साबणाने धुवा. रॉकेलचा ओशटपणा राहिला की त्यावर धूळ बसते आणि नंतर लावलेला टचअप तिथे धरत नाही.

स्टिकरचा चिकटा: केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा वीस सेकंद द्या, कोपरा उचला आणि स्टिकर स्वतःवरच मागे दुमडून, रंगाला जवळजवळ समांतर, हळू ओढा. सरळ वर ओढलं तर कच्चा रंग त्याच्यासोबत येतो. उरलेला चिकटा खाद्यतेलाने मऊ करून साबणाने धुवा. कार्बनवर हीट गन कधीही नको, तंतू धरून ठेवणारी राळ मऊ पडते.

पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक: खरवडू नका. ओलं कापड दहा मिनिटं वर ठेवा, फुगलं की उचलून घ्या. विष्ठा आम्लधर्मी असते. उन्हात काही दिवस राहिली तर लॅकरला पोखरून फिका चट्टा ठेवते, आणि तो मग फक्त पॉलिशनेच कमी होतो.

अ‍ॅसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर आणि रंगाचा थिनर या कामात आणूच नका. ते डागासोबत तुमचा रंगही विरघळवतात. भांडी घासायची घासणी आणि जादूचा म्हणून विकला जाणारा पांढरा मेलामाइन स्पंज हे दोन्ही बारीक पॉलिश पेपरच आहेत. डाग जातो, पण चकाकीही जाते. टूथपेस्टचा उपाय फार पसरलेला आहे. तिच्यात अपघर्षक असतात हे खरं, पण ते रंगासाठी मोजून घातलेले नसतात आणि एका ट्यूबचा अनुभव दुसरीला लागू पडत नाही. नीट पॉलिश मिळत असताना तो जुगार खेळायचं कारण नाही.

४. लॅकरमधले ओरखडे पॉलिश करा

पॉलिश ओरखडा भरत नाही. ते आजूबाजूचा लॅकर किंचित खाली आणतं आणि खाचेच्या धारदार कडा गोल करतं. खाच उथळ झाली की प्रकाश विखुरत नाही आणि रेघ दिसत नाही. त्यामुळे खोल रेघेसाठी जास्त लॅकर घालवावा लागतो आणि एका मर्यादेपुढे ते परवडत नाही. नख जेमतेम अडकतं अशी रेघ पूर्ण काढण्याचा हट्ट धरू नका. ती निम्म्याने फिकी झाली की थांबा. दोन हात अंतरावरून ती दिसत नाही.

काम सावलीत आणि थंड फ्रेमवर करा. वेल्डिंगचे सांधे, केबल बाहेर येणारी भोकं आणि नळीच्या धारदार कडा यांवर टेप लावा. रंग या जागी मुळातच पातळ असतो.

क. फिनिशिंग पॉलिश करंगळीच्या नखाएवढं घ्या. जास्त घेतल्याने काम लवकर होत नाही, नुसतं घसरतं.

ख. एका वेळी दहा-पंधरा सेंटिमीटर लांबीचाच भाग घ्या. पॅडने पॉलिश आधी पसरवून घ्या आणि मग नळीच्या लांबीच्या दिशेने, एकावर एक येतील असे हात चालवा. चाळीस-पन्नास हात पुरेत. दाब मध्यम ठेवा, बोटांचे शेंडे न टेकवता सगळी बोटं सपाट ठेवून.

ग. पॉलिश पारदर्शक होऊन वाळू लागलं की स्वच्छ कापडाने पुसा.

घ. त्या जागेवर पातळ केलेलं अल्कोहोल फिरवा आणि टॉर्च तिरपी धरून पाहा. ही पायरी गाळू नका. पॉलिशमधलं तेल खाचांमध्ये बसून ओरखडा गेल्याचा भास करून देतं आणि दोन धुण्यांनंतर तो परत उगवतो.

च. फरक दिसतोय पण पुरेसा नाही, तर आणखी दोन फेऱ्या. तीन फेऱ्यांनंतरही फारसा फरक नसेल तरच रबिंग कंपाउंड काढा. त्याच्या एक-दोन फेऱ्यांपुढे जाऊ नका, आणि त्यानंतर फिनिशिंग पॉलिश पुन्हा करा. कंपाउंड स्वतःचं धुकं मागे ठेवतं, ते बारीक पॉलिशनेच उतरतं.

सायकलवर नकळत जास्त लॅकर घासला जातो याचं कारण तिचा आकार. गाडीचा दरवाजा सपाट असतो, त्यामुळे दाब पसरतो. नळी गोल असल्याने सगळा दाब एका अरुंद पट्टीवर पडतो आणि तिथला लॅकर भराभर उतरतो. पॉलिशचं फिरतं यंत्र म्हणूनच बारीक नळ्यांवर नको. दांड्यावरच्या एका रेघेसाठी हात पुरतो.

लॅकर नसलेल्या जुन्या रंगावर कापडाला रंग लागणारच, त्याने घाबरू नका. पण तिथे फेऱ्या निम्म्या करा आणि कंपाउंड वापरू नका.

५. वॉटर पेपर: बहुतेकांनी टाळावा

नख किंचित अडकणाऱ्या रेघेवर २००० नंबरचा पेपर साबणाच्या पाण्यात दहा मिनिटं भिजवून, छोट्या रबरी खोडरबरावर गुंडाळून, आठ-दहा हलके हात मारता येतात. मग ३००० नंबर, मग कंपाउंड, मग पॉलिश. पेपर सतत ओला हवा. पाणी दुधाळ झालं तर लॅकर निघतोय. त्यात फ्रेमचा रंग दिसला तर मर्यादा ओलांडली. लॅकरची जाडी बाहेरून कळत नाही, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याने हा प्रयोग चांगल्या फ्रेमवर करू नये. टाकाऊ मडगार्डवर हात बसवून घ्या.

६. उडालेला रंग भरा

खड्यांचे टवके, कुलपाचे खोल चरे आणि पोपडे निघालेल्या जागा इथे येतात. अपेक्षा आधीच ठरवा: जवळून पाहिलं तर टचअप दिसतो. धातू झाकला जाणं आणि दोन पावलांवरून नजर तिथे न अडकणं, एवढं साधलं की काम झालं.

रंग जुळवणं: फ्रेम बनवणाऱ्याकडे टचअपची कुपी मिळते का ते आधी पाहा. नसेल तर गाड्यांच्या टचअप पेनमधून किंवा नेलपॉलिशमधून जवळची छटा शोधा. सायकल सोबत नेऊन दिवसाच्या उजेडात ताडून पाहा. पिवळ्या दिव्याखाली जुळलेली छटा बाहेर वेगळी निघते. नेमकी मिळाली नाही तर किंचित गडद घ्या. गडद ठिपका सावलीसारखा वाटतो, फिका ठिपका डोळ्यात भरतो. मोतिया आणि धातूच्या झाकेचे रंग पूर्ण जुळत नाहीत. त्यातले चकचकीत कण ब्रशने लावताना फवाऱ्यासारखे बसत नाहीत.

जागा तयार करणं: सैल पोपडे टूथपिकने उचलून काढा. लोखंडावर गंज असेल तर पॉलिश पेपरचा बारीक तुकडा टूथपिकच्या टोकाला चिकटवून फक्त तेवढाच भाग चमकता होईपर्यंत घासा. खड्ड्यांत उरलेल्या गंजावर रूपांतरक लावा आणि बाटलीवर लिहिलेला वेळ पाळा. गंज काळा पडतो. अ‍ॅल्युमिनियमवर लाल गंज येत नाही, पण पांढरी भुकटी आणि रंगाखाली फोड येतात. फोड फोडून सैल रंग धड कडेपर्यंत काढा. वरून रंग लावून फोड दबत नाही, आत पसरत राहतो. शेवटी अल्कोहोलने पुसा आणि मग त्या जागेला बोट लावू नका. बोटाचं तेल पुरेसं आहे रंग सुटायला.

भरणं: उघड्या धातूवर आधी प्रायमरचा पातळ थर द्या, फक्त खाचेच्या तळाला. तो वाळला की टूथपिकच्या टोकावर रंगाचा लहान थेंब घेऊन खाचेच्या मध्यभागी टेकवा आणि त्याला आपोआप कडेपर्यंत पसरू द्या. ब्रशने ओढलेला रंग बाजूच्या धड रंगावर चढतो. लांब रेघेला ब्रश वापरा, पण दोन्ही बाजूंनी टेप लावू नका. टेप काढताना कड उचलली जाते.

एक जाड थर देण्याचा मोह होईल. जाड थर वरून वाळतो, आत ओला राहतो, आणि मग सुरकुततो किंवा मध्ये खड्डा पडतो. तीन-चार पातळ थर द्या, प्रत्येकात किमान तासभर अंतर. रंग वाळताना आक्रसतो, म्हणून शेवटचा थर आजूबाजूच्या पृष्ठभागापेक्षा केसभर उंच राहू द्या. दमट हवेत काम करू नका. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर ओल धरते आणि रंगाला दुधाळ झाक येते.

एक रासायनिक सापळा: इनॅमल रंगावर तीव्र थिनरचा लॅकर लावला की खालचा इनॅमल सुरकुततो. रंग आणि वरचा लॅकर शक्यतो एकाच प्रकारचे घ्या, आणि दोन्ही आधी पत्र्याच्या तुकड्यावर एकावर एक लावून पाहा. नेलपॉलिशचा पारदर्शक थर काळाने पिवळट पडतो, म्हणून पांढऱ्या किंवा फिकट फ्रेमवर तो टाळा.

शेवटचा लॅकर रंगाला चोवीस तास देऊन मगच लावा. उंचवटा सपाट करायचा असेल तर किमान आठवडाभर थांबा, आणि मग ३००० नंबरचा ओला पेपर खोडरबराच्या कोपऱ्यावर घेऊन फक्त त्या टेकाडावर चालवा. नंतर हलकं पॉलिश. मॅट फ्रेमवर हे सपाटीकरण करू नका. मॅट लॅकर लावा आणि थोडा उंचवटा तसाच राहू द्या. ताज्या टचअपवर अल्कोहोल फिरवलं तर सगळी मेहनत कापडावर येते.

७. वॅक्स लावा आणि कारण बंद करा

पॉलिश केलेल्या भागावर वॅक्सचा पातळ हात द्या, धुकं धरलं की पुसून घ्या. टचअपवर मात्र दोन-तीन आठवडे वॅक्स नको. खालचं द्रावक पूर्ण उडू द्या.

मग खूण आली कशामुळे ते शोधा. हँडलजवळच्या नळीवर दोन्ही बाजूंना दिसणारे गुळगुळीत चट्टे केबलचे असतात. केबलचं आवरण आणि धूळ मिळून वॉटर पेपरसारखं काम करतात आणि कालांतराने धातूपर्यंत पोचतात. चेनच्या बाजूच्या मागच्या नळीवरचे टवके चेन आपटल्याने, हँडलपासून क्रँककडे उतरणाऱ्या नळीच्या पोटावरचे पुढच्या चाकाने उडवलेल्या खड्यांमुळे. सीटखाली किंवा दांड्यावर आडवा चट्टा असेल तर पिशवीचा पट्टा तपासा. दुरुस्तीच्या स्टँडचा चिमटा नळीवर लावू नका, सीटपोस्टवर लावा.

या जागांवर पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्म लावा. कोपरे गोल कापा. टोकदार कोपरा आधी उचलला जातो. फ्रेमवर वॅक्स असेल तर तेवढा भाग अल्कोहोलने पुसा. एक वाटी पाण्यात साबणाचे दोन-तीन थेंब घालून ते फ्रेमवर आणि फिल्मच्या चिकट बाजूवर शिंपडा, म्हणजे फिल्म सरकवून जागेवर नेता येते. मधून कडेकडे प्लॅस्टिकच्या कार्डाने पाणी बाहेर काढा आणि चोवीस तास सायकल ओली होऊ देऊ नका. नव्या टचअपवर फिल्म लावायची असेल तर महिनाभर थांबा, नाहीतर पुढे ती काढताना भरलेला रंगही तिच्यासोबत निघेल.